अकराव्या चौकटीतली डावी भुवई

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा फोटोच्या फिल्मवरची धूळ काढणे, माझ्या राहत्या खोलीत खिडकीशी टेबल ओढून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि कोणाला खूश करायचे म्हणूनही मी लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर आहे की नाही ते अक्षरावरून वाचणाऱ्याने ठरवावे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, कारण मागे ठेवण्यासारखे आपल्याकडे काही आहे असे मला वाटलेच नव्हते.

शरीराचे सांगायचे तर फुप्फुसे गेली आहेत. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे माझ्या हातात दिला. मी तो खिडकीकडे धरला. खालच्या बाजूला पांढरे ठिपके विखुरलेले होते. पंचवीस वर्षांच्या सवयीने मी तो तिरपा केला आणि हलकीच फुंकर मारली.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "ती धूळ नाही."

नर्सबाई खुदकन हसल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर हात धरला. मलाही हसू आले. नेमके हेच वाक्य मला एका माणसाला सांगायचे होते आणि एकोणीस वर्षे माझ्याने ते झाले नव्हते. ते असे तीन शब्दांत, चष्मा पुसता पुसता सांगता येते हे मला त्या दिवशी कळले.

वकीलबाईंनी बजावले आहे की कलमे घालावीत, खाडाखोड करू नये, आणि मृत्युपत्रात कोणाशी गप्पा मारत बसू नये. पहिल्या दोन गोष्टी मी पाळीन.

कलम १. माझ्यामागे या कागदाप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम मी लॅबशेजारच्या घड्याळजींवर सोपवते. ते या कागदाचे साक्षीदारही आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवले तर ते टिकत नाही असे वकीलबाई म्हणतात, म्हणून माझे कामाचे स्टूल मी त्यांना जिवंतपणीच नेऊन दिले आहे. ते बसून बघत म्हणाले, "याचा एक पाय आखूड आहे." मी म्हटले, "तुम्ही दुरुस्तीवाले ना?" ते म्हणाले, "घड्याळांचा. घड्याळाला पाय नसतात." स्टूल अजून डुगडुगते आहे असे ऐकते.

कलम २. माझ्या नावावर असलेल्या या दोन खोल्या आणि दवाखान्याची देणी भागून बँकेत जे काही उरेल ते, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावे. मला दुसरे रक्ताचे कोणी नाही. तिने खोल्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात किंवा स्वतः येऊन राहावे. फक्त कुलूप लावून ठेवू नये. मी आयुष्यभर धूळ बघितली आहे. ती बंद खोलीत सगळ्यात निवांत बसते.

कलम ३. माझी हत्यारे: मऊ केसांचे तीन ब्रश, रबरी फुग्याची फुंकणी, मखमलीची गादी, सुती हातमोजे आणि तांब्याची तार. ही सगळी संग्रहालयातल्या त्या बाईंना द्यावीत, ज्या मागच्या वर्षी दोनदा माझ्याकडे शिकायला आल्या होत्या आणि दोन्ही वेळा चहा थंड करून गेल्या. त्यांनी विचारले होते, "एवढं पुसूनही धूळ परत का येते?" तेव्हा खोकल्याने मला बोलू दिले नाही, म्हणून उत्तर इथे लिहिते.

पुसल्यामुळेच येते. कोरड्या हवेत फिल्म कशावरही घासली की तिच्यात वीज साठते. लोकरीची टोपी काढल्यावर केस उभे राहतात, तोच प्रकार. मग ती खोलीभरची धूळ अंगावर ओढून घेते. तुम्ही घाबरून आणखी पुसता, ती आणखी ओढते. म्हणून आधी तारेचे एक टोक मनगटाला बांधावे आणि दुसरे नळाला, म्हणजे साठलेली वीज जमिनीत जाते. कपडे सुती. श्वास रोखलेला. ब्रश एकदाच फिरवावा, एकाच दिशेने, आणि मग थांबावे. हे थांबणे सगळ्यात अवघड. मला शिकवणारे मास्तर, ज्यांची ही लॅब होती, म्हणायचे, "हात शिवशिवायला लागले ना, की बाहेर जा आणि चहा पी." मी पहिल्या वर्षी इतका चहा प्यायले की पित्त झाले.

आणि मुख्य म्हणजे हवा. भिंतीवर ओलावा दाखवणारे गोल यंत्र आहे, त्याचा काटा पन्नासच्या खाली असेल तर फिल्मला हात लावू नये. हिवाळ्यात तो फार खाली जातो. तेव्हा फरशीवर बादलीभर पाणी ओतायचे, ते पसरवायचे, तासभर थांबायचे, काटा वर आला की मग कामाला बसायचे. आमच्या लॅबची फरशी मास्तरांच्या काळात थंडीभर ओली असायची. सगळ्यांचे पाय गारठलेले असायचे आणि फिल्म स्वच्छ.

कलम ४. मास्तरांच्या चिरंजीवांना, ज्यांना सगळे धाकटे मालक म्हणतात, मी माझी बादली देते. दुसरे काहीही देत नाही.

मास्तर गेल्यावर ते पहिल्यांदा लॅबमध्ये आले, बूट ओले झाले, आणि म्हणाले, "बाई, ही लॅब आहे की धोबीघाट?" मग त्यांनी वातानुकूलन यंत्र बसवले, त्याने हवा आणखी कोरडी केली, आणि मग धूळ फार येते म्हणून धूळ आपोआप काढणारे संगणकाचे यंत्र आणले. "आता मशीन पुसेल. तुम्ही नुसतं बटण दाबायचं." मी विचारले, "धूळ कुठली आणि तीळ कुठला हे मशीनला कळतं का?" ते म्हणाले, "शिकेल हळूहळू." त्याच महिन्यात एक गृहस्थ आपल्या आईचा जुना फोटो मोठा करून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. फोटो काउंटरवर ठेवून म्हणाले, "ही आमची आई नाही." यंत्राने तिच्या ओठाशेजारचा तीळ खाल्ला होता. लॅबमधले सगळे धाकट्या मालकांच्या मागे हसले. मी हसले नाही. मला तो हक्क नव्हता.

बादलीला गळती आहे. ते त्यांना सांगू नये.

कलम ५. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात एक काळा पत्र्याचा डबा आहे, चिकटपट्टीने बंद केलेला. त्यात एक फिल्म आहे, सहा सहा चौकटींच्या सहा पट्ट्यांत कापलेली. हा डबा न उघडता जाळून टाकावा. कारण देणे माझ्यावर बंधनकारक नाही.

कलम ६. त्याच कप्प्यातला कॅमेरा ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, त्यांच्या आताच्या पत्त्यावर पोहोचवावा. पत्ता कॅमेऱ्याच्या पिशवीत आहे. ते ताईपासून वेगळे राहतात त्याला आता चौदा वर्षे झाली. जाताना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेले, म्हणाले, "साफ करून ठेव, नेतो नंतर." साफ करून ठेवला आहे. भावोजी, त्यात फिल्म नाही. मी बघितले आहे. उगाच आशेने उघडू नका.

माझे कपडे, अंथरूण, भांडी नर्सबाई सांगतील त्या गरजवंताला द्यावीत.

इथपर्यंत काल लिहून झाले. खाली सही करायची, साक्षीदार बोलवायचे आणि मोकळे व्हायचे असे ठरले होते. पण आज सकाळी ताई आली.

ती आठवड्यातून तीनदा येते. दोन बस बदलून येते, गुडघे दुखत असताना येते, आणि आल्या आल्या मला रागावते, म्हणजे मग रडायचे राहून जाते. आज म्हणाली, "केसांचं काय घरटं करून ठेवलंयस? उठ, बस इकडे." मला खुर्चीत बसवून तिने केस विंचरले. मी सत्तेचाळीसची, ती चौपन्नची, आणि अजून ती गुंता सोडवताना मुळाशी घट्ट धरते, म्हणजे ओढ लागू नये.

विंचरता विंचरता, जणू सहज आठवले अशा आवाजात तिने विचारले, "ती आपली फिल्म… निघाली का गं काही धूळ?"

दर वर्षी एकदा ती हे विचारते. एकदाच. जोर करत नाही.

मी म्हणाले, "निघेल, ताई."

"घाई नाही. बरी झालीस की कर," ती म्हणाली. "इतकी वर्षं थांबले, मला काय आता पळून जायचंय?"

तिने वेणी घातली, टोकाला गाठ मारली आणि कंगव्यातले केस काढून खिडकीतून फुंकले. मी बरी होणार नाही हे तिला माहीत आहे. धूळ निघणार नाही हे तिला माहीत नाही. ती गेल्यावर मी डबा काढून टेबलावर ठेवला, आणि हे पुढचे लिहायला बसले.

कलम ७. कलम पाच मी रद्द करते. डबा जाळू नये. तो ताईला द्यावा, आणि त्याच्याआधी हा कागद तिच्या हातात द्यावा. घड्याळजींनी तो मोठ्याने वाचू नये. तिला आधी बसायला सांगावे.

ताई, इथून पुढचं तुझ्याशी. वकीलबाईंची माफी मागून.

खारू कोण हे तुला सांगायला नको, पण हा कागद परक्यांच्याही हातात जाईल म्हणून लिहिते: खारू म्हणजे तुझी एकुलती एक मुलगी, माझी भाची. हातात येईल ती वस्तू दोन्ही मुठींत धरून कुरतडायची, म्हणून खारू. नऊ दिवसांच्या तापात गेली. सहा वर्षांची होती.

ती जायच्या अकरा महिने आधीची गोष्ट. तिच्या शाळेला सुट्टी होती, तू कामावर, आणि ती माझ्याबरोबर लॅबमध्ये. मी नुकतीच फरशी ओली केली होती. तिला चपला काढून ओल्यावरून कोरड्यावर जायला आवडायचं, पावलं उमटायची म्हणून. मागे वळून ओरडली, "मावशी, माझे पाय मागेच राहिले!" आणि मागे बघत चालताना घसरली. टेबलाचा कोपरा भुवईला लागला. डाव्या. तीन टाके पडले.

तू संध्याकाळी आलीस ती भडकूनच. "फरशी आहे की तळं? पोरीचा डोळा गेला असता!"

"ताई, फिल्मला वीज लागते म्हणून—"

"चुलीत घाल ती वीज!"

त्यानंतर दोन वर्षं मी फरशी ओली करणं सोडलं. मास्तरांनी दोनदा विचारलं, "आज फरशी कोरडी कशी?" मी म्हणाले, "वाळली असेल." त्यांनी भिंतीवरच्या काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

टाके निघाले, व्रण राहिला. भुवईच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि तिथे केस उगवले नाहीत. तिला त्याचं भारी कौतुक होतं. बोट फिरवत म्हणायची, "माझ्या भुवईतून रस्ता जातो. पीं पीं, बाजूला व्हा." मी माझ्या भुवईवरून बोट नेलं की म्हणायची, "इथे रस्ता बंद आहे."

त्याच सुमारास भावोजींनी कॅमेरा घेतला आणि गच्चीवर तिचे फोटो काढायला लागले. त्याआधीचे तिचे फोटो म्हणजे पाळण्यातले दोन आणि शाळेतला तो एक घोळक्याचा, ज्यात पुढच्या मुलीच्या डोक्यामागे ती अर्धी झाकलेली आहे. बाकी जी काही खारू होती ती त्या एका रिळात. ती आजारी पडली तेव्हा रीळ कॅमेऱ्यातच होतं.

ती गेल्यानंतर सतराव्या दिवशी भावोजींनी ते मला दिलं. कडक थंडी होती, हवा नुसती तडकत होती. भिंतीवरचा काटा अठ्ठावीसवर होता. मी बघितला, ताई. बघितलाच नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं, पण मी बघितला. मी बादली भरली, दाराशी आणून ठेवली, आणि मला ती ओतवेना. त्या फरशीवर पाणी टाकलं असतं तर पावलं उमटली असती, माझीच, पण उमटली असती. मी बादली तिथेच ठेवली आणि आत जाऊन दार लावलं. दिवा बंद केला.

रीळ धुण्याआधी ते डबीतून अंधारातच काढावं लागतं. हळू. अगदी हळू, बोटभर, मग थांबायचं, मग बोटभर. मी तसंच काढत होते. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"आहेस का आत?"

"आहे. दार उघडू नकोस."

"खारूचंच आहे ना?"

"हो. ताई, दाराला हात लावू नकोस."

मग म्हणालीस, "झालं का गं?" तो आवाज तुझा नव्हता. आणि दाराची मूठ हलली. त्या दाराची कडी ढिली होती, तुला माहीत होतं, तू नेहमी ढकलूनच यायचीस. आता उजेड आत येणार आणि सगळं जाणार असं माझ्या मनात आलं, आणि मी फिल्म ओढली. एका झटक्यात, सगळी.

अंधारात निळं चमकलं. आधी एकदा, मग फिल्मच्या लांबीभर, चरचर आवाज करत. त्या खोलीत दार लावल्यावर काही म्हणजे काही दिसता कामा नये. मला माझी बोटं दिसली.

तू दार उघडलंच नाहीस. तू नुसता मुठीला धरून आधार घेतला होतास. हे मला नंतर कळलं.

न धुतलेल्या फिल्मवर जो उजेड पडतो तो सगळा उमटतो. ज्या फिल्मवर खारू होती तिच्यावरच ती वीज उमटली, बारीक फांद्यांसारखी, टोकाला फाटे फुटलेली. धूळ फिल्मच्या वर बसते, पुसता येते. ही आत आहे. खारू जितकी आत आहे तितकीच आत. एक काढायची तर दुसरी खरवडावी लागेल.

फिल्म धुऊन वाळत टाकली तेव्हा तू आत आलीस. पट्टी उजेडाकडे धरून म्हणालीस, "हे काय गं तिच्या तोंडावर? झाडासारखं?"

आणि मी म्हणाले, "धूळ आहे. विजेनं चिकटलीये. निघेल."

तुझा चेहरा जरासा सैल झाला. त्या सतरा दिवसांत पहिल्यांदा. तो मला परत घट्ट करवला नाही. एवढंच माझं कारण आहे, दुसरं नाही.

त्यानंतर तुझ्यावर मी राग धरला, तोही या कागदात आला पाहिजे. फरशी कोरडी राहिली ती तुझ्या बोलण्यानं, मूठ हलवली ती तू, असं मी मनात घोकायचे. तू माझ्यासाठी औषध आणायचीस, आणि मी ते घेताना मनात हेच. तो राग मी इथे टाकून देते. काटा मी बघितला होता. बादली माझ्या हाताशी होती.

आता तुझ्या भिंतीवरच्या फोटोचं.

दीड वर्ष झालं होतं. तू धड जेवत नव्हतीस. भावोजी लॅबमध्ये आले आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "एक तरी दे. कशीही दे." मी अकरावी चौकट निवडली, कारण तीत ती सरळ समोर बघून हसते आहे. वीज तिच्या केसांपासून निघून डावी भुवई, डावा डोळा आणि गालावरून खाली गेली आहे. फोटो छापल्यावर तेवढा भाग पांढरा येतो. धुळीचे पांढरे ठिपके आम्ही बारीक ब्रशनं पातळ काळा रंग लावून भरतो, तसा मी तो भाग भरला. दहा आठवडे. दोन केसांच्या ब्रशनं. डोळा उरला नव्हता, म्हणून उजव्या डोळ्यावरून डावा काढला. गाल आठवणीनं काढला. आणि भुवई भरत आले, भरत आले, मध्ये पांढरं दिसलं तेही भरलं. आम्हाला दुसरं काही शिकवलेलंच नाही. पांढरं दिसलं की भरायचं.

रस्ता मी बंद करून टाकला, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा फोटो तुझ्या हातात होता आणि तू म्हणत होतीस, "हीच. अगदी हीच." त्या दिवशी तू दोन घास जास्त खाल्लेस. भावोजी माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी त्या फोटोला पाठ करून बसायला सुरुवात केली, एवढं मी पाहिलं.

सहा वर्षांपूर्वी, तुझ्याकडे बसले असताना, मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तिच्या भुवईतला रस्ता आठवतो का गं?"

"कसला रस्ता?"

"तो व्रण. टाके पडले होते बघ."

तू उठलीस, चष्मा लावलास, फोटोसमोर जाऊन उभी राहिलीस. नीट बघितलंस. मग म्हणालीस, "नाही गं. बघ ना, कुठे आहे? टाके हनुवटीला पडले असतील, खाली." आणि हसून म्हणालीस, "तुझं ना, फिल्म बघून बघून डोकं उलटं झालंय. फोटो आहे की समोर."

मी म्हणाले, "असेल."

ताई, तू तिची आई. तुझ्या डोक्यातून तो व्रण मी पुसला. हात न लावता.

मी घड्याळजींनाही विचारलं. त्यांनीच तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले, "रक्त आठवतं. बाजू नाही सांगता येत." भावोजी पत्रांना उत्तर देत नाहीत. डबा उघडून मी किती वेळा भिंगातून बघितलं. जिथे व्रण असायला हवा तिथे सगळीकडे वीजच आहे. कधी कधी माझाच विश्वास डळमळतो. मग मी उजवी भुवई बघते. ती धड आहे, अखंड आहे. म्हणजे डावीच.

हे सगळं सांगून तुला काय मिळणार? काही नाही. भिंतीवरचं आहे तेही जाईल. म्हणून काल मी जाळायला सांगितलं होतं. पण आज तू माझे केस विंचरत होतीस तेव्हा हिशोब अगदी सोपा वाटला. तो व्रण आता एकाच डोक्यात आहे आणि ते डोकं तुझ्या हातात होतं. मी गेले की खारूला व्रण नव्हता. आणि व्रण नसलेली ती मुलगी कोण, ते मला माहीत आहे. ती मी काढलेली आहे.

कलम ८. म्हणून ताईला मी पुढील गोष्टी देते. काळा डबा आणि त्यातल्या सहा पट्ट्या. माझे भिंग. खालून उजेड देणारी पेटी. या खोलीच्या भिंतीवरचे ओलावा दाखवणारे यंत्र.

पट्ट्या कडेने धराव्यात. पुसू नयेत. कोणी म्हणाले की नवीन यंत्राने हे निघते, तर त्याला देऊ नये. तो काढणार नाही, भरेल, माझ्यासारखा.

भिंतीवरच्या फोटोत तिचा उजवा डोळा तिचा आहे. डावा, म्हणजे फोटोकडे बघताना आपल्या उजव्या हाताला येणारा, माझा आहे. त्याच्यावरची भुवई आणि खालचा गालही. फोटो ठेवावा की उतरवावा याबद्दल मी काही सांगत नाही. मला तो अधिकार उरलेला नाही.

त्या रिळात खारू एकवीस चौकटींत आहे. एकोणीस चौकटींत वीज तिच्यावरून गेली आहे. एकीत ती इतकी हलली आहे की नुसता फराटा आला आहे. उरली एक, सव्विसावी. तिच्यावर वीज नाही, ओरखडा नाही, धुळीचा एक कण नाही. ती मी छापून डब्यात वर ठेवली आहे. ब्रश लावलेला नाही. ही मी इतक्या वर्षांत दाखवली नाही, कारण ती दिली असती तर तू म्हणाली असतीस, ही निघाली, मग बाकीच्याही निघतील.

त्यात ती गच्चीच्या दाराकडे चालली आहे, पाठमोरी. दोन वेण्या आहेत, तू घातलेल्या. डावीची गाठ सुटली आहे. तोंड दिसत नाही. ताई, तेवढीच ती पूर्ण तिची आहे. बराच वेळ बघितलं की आता वळेल असं वाटतं. मी पुष्कळ वेळ बघितलं आहे. वळत नाही.

कलम ९. मला आणखी काही द्यायचे नाही. मागायचे एकच होते. ते कागदावर मागता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला ते पटले.

हे मृत्युपत्र मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून पाहिले. खाडाखोड नाही. दोन ठिकाणी शाई फुटली आहे, ती तशीच राहू दिली आहे. ते डाग माझेच समजावेत.

लिहून देणारीची सही: केली आहे.

साक्षीदार पहिले: घड्याळजी. माझ्यासमोर वाचले, माझ्यासमोर सही केली. मध्येच उठून खिडकीशी जाऊन आले.

साक्षीदार दुसरे: नर्सबाई. यांनी मजकूर वाचला नाही, फक्त माझी सही होताना पाहिली, आणि माझी नाडीही बघितली.

ठिकाण: माझी खोली, खिडकीशेजारचे टेबल.

दिनांक: एकवीस जानेवारी, दुपार. हवा कोरडी. काटा एकतीसवर. आज डबा उघडू नये.